मिलोची भाकरी आणि तुझे पाव

गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
१५ जानेवारी

चि. बाळास,

तुझा लांबलचक निरोप परवा भोगीच्या दिवशी आला. मी काठवटीपाशी बसले होते, हात पिठात, म्हणून वहिनीनं वाचून दाखवला. तव्यावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी फुगत होती, आणि कानावर येत होतं की तुझ्या बोटीवर एका टेबलावरची बाई तुझ्या पावाला दगड म्हणाली आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी त्याच टोपलीतला पाव बोटानं दाबून हा कापूस आहे म्हणून परत पाठवला. रात्री दोनला उठून तू मळलेलं पीठ, एकाच भट्टीतले पाव. आणि सगळ्यात शेवटी तू लिहिलंस, “मावशी, मला पाव करताच येत नाही असं वाटायला लागलंय.” त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले. फोनवर तुझा आवाज मध्येच तुटतो आणि मला हे सलग सांगायचंय. वहिनी पानांचे फोटो काढून पाठवील.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. तुझी आई कडेवरची. घरातली ज्वारी संपली, पेरायला ठेवलेलीही संपली, आणि रेशनवर मिलो आली. लाल दाणा, अमेरिकेतून बोटीनं आलेला. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर कळलं. तुझ्या आजीच्या हातची भाकरी म्हणजे आळीत नाव होतं. टाचणीनं टोचावी तर वाफ सुटावी असा पापुद्रा. त्या बाईच्या हाताखाली मिलोची भाकरी थापता थापता कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना मोडायची, आणि भाजली तरी फुगायची नाही. पहिल्या दिवशी माझ्या आजोबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. दुष्काळात, भूक असताना. माझी आई चुलीकडं तोंड करून रडली. मला वाटलं धान्य वाया गेलं म्हणून रडतेय. तसं नव्हतं. ‘माझ्या हातची भाकरी सरकवली’ हे तिला लागलं होतं.

आजोबांनी आईचा हात नाकारला नव्हता, बाळा. साठ वर्षं घरच्या ज्वारीची पांढरी, गोडसर भाकरी खाल्लेल्या त्यांच्या तोंडानं मिलो नाकारली होती. त्यात आईचा दोष नव्हता, आजोबांचाही नव्हता, आणि ज्यानं ती मिलो गुरांसाठी पिकवली त्या परदेशातल्या शेतकऱ्याचाही नव्हता. धान्य बोटीतून इकडं आलं, ते खाणारं तोंड मात्र आलं नाही. आता तुझ्या बोटीवर उलटं झालंय. तोंडं सगळ्या जगातून येतात आणि टोपली एकच.

तू दगड म्हणणाऱ्या त्या बाईचा देश लिहिला नाहीस, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचाही नाही. मला वाटतं, पाव परत आला की पहिल्यांदा तेच विचारायला हवं. जर्मनीच्या उत्तरेकडं, पोलंडकडं थंडीत राय नावाचं धान्य चांगलं येतं, गहू तितका येत नाही. रायच्या पिठात गव्हासारखा ताण नसतो. म्हणून तिथला पाव आंबवलेला, काळसर, जड, आणि दिवसचे दिवस टिकणारा. तो खाऊन वाढलेल्या माणसाला मऊ पांढरा पाव म्हणजे जेवणच वाटणार नाही. फ्रान्समधला लांब पाव कडक सालीसाठीच खातात. तो संध्याकाळपर्यंत वाळतो म्हणून लोक रोज ताजा आणतात. इंग्लंड-अमेरिकेत डब्यात भाजलेला, दूध-साखर-लोण्यानं मऊ केलेला पाव घरोघर रुळला, आणि अमेरिकेत तर १९२८ साली तो कारखान्यातून कापून, कागदात गुंडाळून मिळायला लागला. जपानी लोकांना त्याहून मऊ, दुधाचा पाव लागतो. ते त्याला ‘पान’ म्हणतात आणि आपण ‘पाव’. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज तोंडातून आले. ते १५१० मध्ये गोव्यात शिरले आणि १५४३ मध्ये जपानला पोचले. तू रोज पहाटे भट्टीतून काढतोस त्याचं नावसुद्धा बोटीनंच इकडं आलंय.

आमच्या लहानपणी गोरेगावात पावाला डबलरोटी म्हणायचे, आणि ती घरात यायची ती फक्त कुणी आजारी पडल्यावर. ताप आला की दुधात बुडवून डबलरोटी. माझ्या सासऱ्यांपुढं एकदा मी हौसेनं पाव ठेवला तर ते घाबरून म्हणाले, “मला काय झालंय?” इतकं ते तोंडात बसलेलं असतं. पुढं टोस्ट, खारी आणि चहात बुडवायचे कडक बटर आले, आणि त्याच गावातल्या पोरांना आता पाव म्हणजे मेजवानी वाटते. चव बदलते, पण एका जेवणात नाही बदलत.

शाळेची सहल घेऊन मी गोव्याला गेले होते तेव्हा पहाटे सायकलचा भोंगा ऐकून उठले. पोदेर, म्हणजे पाववाला, आला होता, मागं बांबूची मोठी टोपली. कोंडा लावलेली, आतून पोकळ पोई मी पहिल्यांदा खाल्ली आणि मला आपली फुगलेली भाकरी आठवली. त्याच्याकडं उंडो होता, कातरो पाव होता, कडक काकणंही होती. एकाच टोपलीत मऊ आणि कडक दोन्ही, आणि प्रत्येक घर आपापलं उचलत होतं. कोणी कोणाला हसत नव्हतं. पूर्वी ते पीठ माडाच्या सुरेनं फुगवायचे. आणि ऐक, बोटीवर पाव भाजणारा तू या बाजूचा पहिला नाहीस. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या बोटींवर आचारी, वाढपी, पाववाले म्हणून गेली. मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ होत्या. बोट लागेपर्यंत ती तिथं एका खोलीत पेट्या ओळीनं लावून राहायची. साहेबाच्या तोंडाला लागणारा पाव त्यांनी साहेबाकडूनच शिकला, आणि घरी परतल्यावर पोईच खाल्ली. तुझंही तसंच आहे. तू करतोस तो पाव तुझा नाही, पण हात तुझा आहे.

आता तुझ्या कामाचं एक बोलते. तू लिहिलंस की पाव साडेपाचला निघतात आणि नाश्ता साडेनऊपर्यंत चालतो, टोपलीवर फडकं झाकलेलं असतं. बाळा, हे मला भाकरीनं शिकवलंय. गरम भाकऱ्या एकावर एक ठेवून झाकल्या की घाम सुटतो, पापुद्रा ओला होतो. तुझ्या पावाच्या आतली वाफही फडक्याखाली सालीत उतरत असणार. साडेसहाला आलेल्याला कडक लागलेला पाव आठ वाजता मऊ, रबरासारखा. मग दुसऱ्या टेबलावर उघडा राहिलेला त्याच भट्टीतला पाव तुमच्या थंड कोरड्या हवेत वाळतो. ती बाई आणि ते आजोबा दोघंही खरं बोलत असतील. एकदा मोजून बघ, कोण किती वाजता बोललं. आणि उरलेले पाव फ्रीजमध्ये ठेवत असाल तर तेही बंद करायला सांग. पिठातलं सत्त्व फ्रीजच्या थंडीत सगळ्यात लवकर ताठरतं. एक तर बाहेर ठेवा, नाहीतर गोठवून टाका.

तुझ्या वरिष्ठांनी सुचवलंय की असा एक पाव काढा जो थोडा कडक, थोडा मऊ, कोणाचीच तक्रार नको. मला हे अजिबात पटलेलं नाही. असा पाव कोणाच्याच आठवणीतला नसतो. तो कोणी परत पाठवणार नाही हे खरं, पण कोणी दुसऱ्यांदा मागणारही नाही. आमच्याकडं सोयाबीन आलं आणि ज्वारीचं रान आटलं. आता पुष्कळ घरांत ज्वारीत गहू मिसळून दळतात, थापायला सोपं जातं म्हणून. ती ना भाकरी ना पोळी. मी खाते, पण ती खाताना मला कोणीच आठवत नाही. तू दोनच कर. एक जाड सालीचा, नीट आंबवलेला, पूर्ण भाजलेला. एक दुधाचा मऊ. दोन वेगळ्या टोपल्या, आणि त्यांच्यापुढं नाव लिहिलेली चिठ्ठी. वरिष्ठांपुढं मान खाली घालून बोल, पण बोल.

आपल्या नरसीच्या नामदेवांची गोष्ट तू पाळण्यात असल्यापासून मी तुला सांगत आलेय. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. लोक ती गोष्ट भूतदयेची म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. पोळी गेली याचं त्यांना काहीच वाटलं नाही. खाणाऱ्याच्या घशाचं वाटलं. पाव परत आला की तू पावाकडं बघतोस. त्या बाईकडं बघ. तिचे दात हलत असतील. ते आजोबा कदाचित आयुष्यात एकदाच बोटीवर आले असतील आणि घरच्या पावासाठी तोंड कासावीस झालं असेल. तुझ्या परीनं वाटी घेऊन धाव.

आता तू विचारलेलं. खालच्या मजल्यावर जेवणाऱ्या आपल्या पोरांना भाकरी हवीय, कोकणातला एक आणि नागपूरकडचा एक असे दोघं तुझ्यामागं लागलेत, आणि तुझ्याकडची ज्वारीच्या पिठाची पिशवी तीन महिन्यांची झालीय. त्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असणार. नेहमीसारखं मळलंस तर भाकरी मोडेल, आणि तू पुन्हा स्वतःलाच बोल लावशील. तसं करू नकोस. मिलोच्या वेळी तुझ्या आजीनं चौथ्या-पाचव्या दिवशी जे शोधलं ते कर. आधी पीठ चाखून बघ. कडू लागलं तर टाकून दे, त्याला इलाज नाही. कडू नसेल तर जितकं पीठ तितकंच पाणी, चिमूटभर मीठ घालून खळखळा उकळव. पीठ त्यात एकदम टाक, उलथन्याच्या दांड्यानं हलव, आच बंद करून झाकण ठेव. दहा मिनिटांनी कोमट असतानाच पाण्याचा हात लावून तळहाताच्या टाचेनं मळ, बोटांनी नाही. गोळ्याला भेग दिसली तर अजून मळ. थापायला जागा नसेल तर लाटलीस तरी चालेल. ओला हात फिरवायचा तो तव्यावर वरच्या बाजूला, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची.

जाळ नाही म्हणून फुगणार नाही असं तुला वाटतंय. वरून आच देणारं ते यंत्र आहे ना तुमच्याकडं, चीज वितळवायला वापरता ते? दोन्ही बाजू तव्यावर शेकून झाल्या की पापुद्र्याची बाजू वर करून त्याच्याखाली धर. आम्ही चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करतो, तेच काम आहे. फुगली की फोटो पाठव. नाही फुगली तरी पाठव, कुठं चुकतंय ते मला बघून कळेल.

तुझी,
मावशी