शीव ओलांडली की देव बदलतो

'पेगन' या शब्दाच्या मुळाशी खेडं आहे. लॅटिनमध्ये 'पेगानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. रोमन साम्राज्यातल्या शहरांमध्ये ख्रिस्ती धर्म आधी रुजला आणि खेड्यापाड्यातली माणसं आपल्या झऱ्यांना, झाडांना, शेतातल्या देवांना धरून राहिली. म्हणून 'खेडवळ' या शब्दाला 'जुने देव मानणारा' असा अर्थ चिकटला, असं सहसा सांगतात. पुढे शेकडो वर्षं ती शिवीच होती. आज युरोपात बरेच लोक तीच शिवी स्वतःहून नावापुढे लावतात. आइसलंडमध्ये 1972 साली जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांनी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यताही मिळाली. इंग्लंडमधल्या गावागावांत पेगन मंडळींची पबमध्ये बैठक भरते, तिला 'मूट' म्हणतात.

हे मला कळलं ते आमच्या क्लायंटकडच्या एका टेस्टरमुळे. ती नोकरीसाठी नव्या शहरात राहायला गेली होती. करमतं का, असं विचारलं तर म्हणाली, "आता करमतं. आमची मूट सापडली." कॉल संपला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मला हिंजवडीत येऊन सहा वर्षं झाली होती. माझी मूट कुठे होती?

मी अनसिंगचा. वाशिमहून पुसदला जाताना आमचं गाव लागतं. सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. आमच्या वावराच्या धुऱ्यावर कडुनिंबाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे, तो म्हसोबा. त्याला ना देऊळ, ना आरती, ना पोथी. पेरणीआधी नारळ फुटतो, आणि पिकं घरात आली की रोडगे. गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. आधी नैवेद्य म्हसोबाला, मग बोलावलेल्या सगळ्यांना. आमच्या घरी 'धर्म' हा शब्द फारसा कोणी वापरत नसे. म्हसोबा होता, पोळा होता, शिवेवरचा मारोती होता. बाबांनी बैलजोडी विकली त्या वर्षापासून पोळ्याला मातीचे बैल पुजतो. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. ट्रॅक्टरवाल्याला धुऱ्यावर थांबायला वेळ नसतो.

मी पुण्याला निघालो तेव्हा आजीने डब्याबिब्याचं काही विचारलं नाही. पोहोचल्यावर फोनवर पहिला प्रश्न : "तेथल्या देवाले सांगतलं का नाई?"

मी हसलो होतो. कोणत्या देवाला सांगू? आमच्या सोसायटीत गणपती बसतो, त्याला बँकेचा स्पॉन्सर असतो. नवरात्रात गरबा असतो. सगळं झगझगीत, आणि सगळं कुठेही उचलून ठेवता येईल असं. पण आजीचा प्रश्न वेगळा होता. तिच्या हिशेबात देव माणसासोबत बॅगेतून येत नाही, तो जागेचा असतो. गावाची शीव संपली की आपल्या देवाचं राज्य संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. दुसऱ्याच्या घरी राहायला गेल्यावर घरधन्याला सांगावं लागतं, तेवढी साधी गोष्ट.

उत्तर मिळालं ते एका पुस्तकात. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ये-जा करायचे, आणि उरलेल्या वेळात पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत शेंदूर लावलेले दगड शोधायचे. 1962 साली आलेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'मध्ये त्यांनी दाखवलं की हे दगड उगाच कुठेही नाहीत. बऱ्याच ठिकाणी ते जुन्या वाटांच्या तिठ्यांवर आहेत, गावं वसण्याच्याही आधीच्या वाटांवर. त्यांनी लिहिलेल्या देवांमध्ये एक वाकडचा म्हातोबा. म्हणजे माझ्या ऑफिसपासून काही मिनिटांवरचा.

ज्या हिंजवडीला आम्ही फेज वन, फेज टू, फेज थ्री म्हणतो ते एमआयडीसीने आयटी पार्क करण्याआधी शेतीचं गाव होतं. चैत्र पौर्णिमेला तिथून म्हातोबाचं बगाड निघतं. बगाड म्हणजे उंच खांबावर आडवं लाकूड बसवलेला गाडा. गळकरी होण्याचा मान हिंजवडीतल्या जांभुळकर कुळाचा. गळकऱ्याच्या पाठीला गळ टोचतात, त्याला वर टांगतात आणि गाडा वाकडच्या देवळाकडे निघतो. दरवर्षी त्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर 'ट्रॅफिक डायव्हर्जन' एवढाच मेसेज येतो. पाच वर्षं मी त्या दिवशी घरून काम केलं होतं.

सहाव्या वर्षी गेलो. सोबत रूममेट होता, आमच्याच जिल्ह्यातला. भंडाऱ्याने पिवळी झालेली गर्दी, ढोल, आणि मागे काचेच्या इमारती. गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" वाशिम, म्हटलं. "मग तुमच्याकडं गावदेव कोण?"

पुण्यात मला पॅकेज विचारलं गेलंय, आडनाव विचारलं गेलंय, फ्लॅट भाड्याने घेताना व्हेज की नॉनव्हेज हेही विचारलं गेलंय. हा प्रश्न पहिल्यांदाच. मी धुऱ्यावरच्या म्हसोबाबद्दल सांगितलं. काकांनी मान डोलावली, जणू त्यांच्या ओळखीतलाच कोणीतरी. मग बोट दाखवून म्हणाले, त्या टॉवरच्या जागी आमची ज्वारी असायची.

मला वाटलं, सापडली मूट.

परत येताना रूममेट गप्प होता. मग म्हणाला, "तुले भारी वाटलं, मले माहीत हाय. पण कोणाचा मान, कोणी वाजवायचं, कोणी लांब उभं राहायचं, हे पण त्याच देवानं ठरवलं ना बे?" त्याचं घर बौद्ध. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर त्याच्या पणजोबांनी घरातली मरीमाय टोपल्यात घातली आणि नदीत सोडली. विदर्भातल्या कितीतरी घरांनी तसं केलं. "तुह्यासाठी तो दगड म्हणजे आजी," तो म्हणाला, "आमच्यासाठी तो सोडला तवा आम्ही सुटलो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. गावदेवाचा धर्म मोकळा, निसर्गाचा, पुस्तकाविना चालणारा, असं म्हणणं सोपं आहे. पण गाव म्हटलं की गावकुसाबाहेरचं गावही आलं. इंग्लंडमधल्या त्या टेस्टरला तिचे देव नव्याने निवडता आले. आमचे देव वतनासारखे आलेत, मानपानाच्या यादीसकट. आजीचा प्रश्न मला जवळचा वाटतो तो त्यातल्या नम्रतेसाठी : आपण आलो त्याआधी इथे कोणी तरी होतं, त्याची ओळख करून घ्यावी. ही नम्रता देवापुरती ठेवली तर अर्धीच. माझ्या खोलीतल्या माणसाच्या पणजोबांनी काय नदीत सोडलं, हेही मला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

डिसेंबरात आम्ही गच्चीवर रोडगे केले. वऱ्हाडातली आठ-दहा पोरं जमली. गोवऱ्या मारुंजीतल्या एका गोठ्यातून आणल्या, वांगी रूममेटने निवडली. मी एक रोडगा बाजूला काढून ठेवला. त्याने तो काढू दिला, स्वतः हात जोडले नाहीत, आणि सगळ्यात जास्त रोडगे त्यानेच खाल्ले. राख कोण झाडणार यावरून मात्र भांडण झालं.

रात्री आजीला फोनवर सांगितलं, इथल्या देवाला सांगून आलो. "बरं केलं," ती म्हणाली, आणि तुरीला शेंगा कशा लागल्यात ते सांगू लागली.

आता गावाकडून कोणी नवा पोरगा हिंजवडीत आला की मी त्याला मेसचा पत्ता देतो आणि म्हातोबाचं देऊळ कुठे आहे ते सांगतो. जायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. रोडग्यांना मात्र यायचंच.