मान्य आहे

न बोलावता येणाऱ्या पाहुण्यांची आमच्या घराण्यात मोठी परंपरा आहे. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला म्हणून आठ दिवसांसाठी आलेले आमचे एक लांबचे काका, दोन्ही डोळे स्वच्छ झाल्यावरही सहा महिने आमच्याकडे होते. त्यांना सगळं दिसत होतं, फक्त एसटीचं वेळापत्रक दिसत नव्हतं. पण अशा पाहुण्यांचं एक बरं असतं. ते दारातून येतात. चपला बाहेर काढतात. "आलो बुवा!" असं म्हणतात. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या कॉम्प्युटरमध्ये जो पाहुणा येऊन बसला, त्यानं यातलं काहीएक केलं नाही.

सोमवारची सकाळ होती. विजेचं बिल भरावं म्हणून मी कॉम्प्युटर लावला. एरवी आमचा ब्राउझर उघडला की एक पांढरंशुभ्र पान येतं आणि मध्ये शोधायची चौकट. त्या दिवशी आलं ते पान जांभळं होतं. वर घड्याळ, बाजूला कुठल्याशा परदेशी गावचं हवामान आणि खाली रमी खेळून लक्षाधीश झालेल्या माणसांचे हसरे फोटो! चुकून शेजारच्यांच्या घरात शिरल्यासारखं मला वाटलं. घाईघाईनं बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा तेच जांभळं पान. 'विजेचं बिल' असं शोधलं, तर पहिल्या सहा ओळी इन्व्हर्टरच्या, सातवी कर्जाची, आणि बिल आपलं अंग चोरून आठव्या ओळीत उभं.

"तुम्हीच काहीतरी दाबलं असणार," आतून ही म्हणाली. आमच्या घरात फ्रिजपासून गुडघ्यापर्यंत काहीही बिघडलं की निदान आधी होतं, तपासणी मागाहून.

"मी कशाला काय दाबू?"

"मग आपोआप झालं का?"

मी गप्प बसलो. पण प्रकरण गप्प बसेना. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे अण्णा रेल्वेचं तिकीट काढून घ्यायला आले. मी मोठ्या ऐटीत गाड्यांची वेळ बघत होतो, इतक्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकट टुणकन वर आली – 'आपल्या परिसरातील एकाकी स्त्रिया आपली वाट पाहत आहेत.' मी ती झटकन बंद केली. पण अण्णांनी चष्मा लावलेला होता.

"परिसर म्हणजे किती हो?" त्यांनी हळूच विचारलं. "आपली सोसायटी, की अख्खा वॉर्ड?"

त्याच वेळी ही चहा घेऊन आली आणि दुसरी चौकट वर आली. अण्णा चहा न पिताच गेले. यापूर्वी अण्णा आमच्याकडून चहा न पिता गेल्याची नोंद नाही.

आता गुन्हेगार शोधणं भाग होतं. घरात माणसं तीन. हिला कॉम्प्युटरचा तिटकारा. मी म्हणजे मी. राहता राहिले चिरंजीव. वय सतरा, बारावी. पडद्यावर आलेल्या जाहिराती आणि चिरंजीवांचं वय यांचा मी गुणाकार केला, आणि उत्तर ताबडतोब मिळालं.

"मी काही केलं नाही, बाबा," तो म्हणाला.

"मग ह्या बाया काय माझ्यासाठी आल्या?"

तो काही बोलला नाही. मी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आणि हिच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला. त्याच्या प्रवेश परीक्षेच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका त्याच कॉम्प्युटरवर होत्या. तो निमूटपणे वह्या उचलून मित्राकडे अभ्यासाला जाऊ लागला आणि रात्री नऊनंतर परत येऊ लागला. मी मनात म्हटलं, बघा, अपराधी मन कसं घरात टिकत नाही!

इकडे पाहुण्याला घालवण्याची मोहीम मी स्वतः हाती घेतली. कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅमांची यादी असते, त्यात एक अनोळखी नाव दिसलं. 'काढून टाका' म्हटलं. त्यावर त्यानं एक रडका चेहरा दाखवला आणि विचारलं, 'आम्हाला का सोडून जाता?' खाली दोन बटणं. एक मोठं, हिरवं, ठसठशीत – 'नाही, राहू दे.' दुसरं करड्या अक्षरांत, औषधाच्या बाटलीवरच्या तारखेइतकं बारीक – 'तरीही काढा.' मी सवयीनं मोठं दाबलं. तो राहिला.

मग एक 'सफाई करणारा' प्रोग्रॅम फुकट मिळतोय असं त्या जांभळ्या पानावरच दिसलं. चोराच्याच दुकानात कुलूप घ्यायला जावं तसा मी तो घेतला. त्यानं दोन मिनिटांत आमच्या कॉम्प्युटरमध्ये दीड हजाराच्या वर दोष काढले. लग्न जमवायला आलेल्या मुलाकडच्या मंडळींनासुद्धा इतके दोष सापडत नाहीत. दोष दाखवणं फुकट होतं, दूर करण्याचे पैसे होते.

आणि बुधवारी रात्री कळस झाला. सगळा पडदा लाल झाला, आतून भोंगा वाजू लागला आणि एक बाई इंग्रजीत ओरडू लागल्या की, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस झालेला आहे, तो बंद करू नका, बँकेची माहिती चोरीला जात आहे, ताबडतोब ह्या नंबरवर फोन करा! माझे हातपाय गार पडले. मी फोन उचलला. सहा आकडे लावलेसुद्धा. तेवढ्यात हिनं येऊन भिंतीवरचा स्विच बंद केला. बाई एका क्षणात गप्प झाल्या.

"एवढं पाठ करून काय बोलायचं?" ही म्हणाली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला बोलावलं. तो कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. त्यानं आधी बटाटेवडे संपवले, मग रोग्याची नाडी पाहिली.

"मामा, नशीब फोन लागला नाही. त्या नंबरवर बसलेला माणूस दुरुस्तीच्या नावाखाली तुमचा कॉम्प्युटर लांबून आपल्या हातात घेतो, आणि मग खातं रिकामं. तसं कधी झालंच, तर लगेच १९३० ला फोन करायचा, सायबर गुन्ह्यांची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि हा काही व्हायरस नाही."

"मग काय आहे?"

"पीयूपी. पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्रॅम."

"म्हणजे?"

"संभाव्य नकोसा."

इतका सभ्य शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. सहा महिने राहिलेल्या काकांसाठी आम्ही तो शोधत होतो.

"व्हायरस चोरासारखा घुसतो," भाचा सांगू लागला. "याला तुम्हीच हो म्हटलेलं असतं. फुकटचा एखादा प्रोग्रॅम उतरवताना त्याच्याबरोबर हे पाठराखिणीसारखे येतात. येताना खाली चौकटीत खूण आधीच केलेली असते. ती आपण काढायची, पण काढतो कोण? फुकट देणाऱ्याला प्रत्येक पाठराखिणीमागे पैसे मिळतात, आणि हिला तुमच्या प्रत्येक शोधामागे, जाहिरातीवरच्या प्रत्येक टिचकीमागे."

"म्हणजे मी विजेचं बिल शोधलं, त्याचेही?"

"त्याचेही."

मला उगाचच आपण कर्ते पुरुष असल्यासारखं वाटलं.

"आणि मामा, हे मोठ्यामोठ्यांनी केलंय. जावा तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं आस्कचा टूलबार असाच खूण केलेल्या चौकटीतून यायचा. २०१५ मध्ये तो गेला, तर त्याच्या जागी याहू आलं. लेनोवोनं तर २०१४ मध्ये नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्येच सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्रॅम घालून विकला. पुढच्या वर्षी बोंब झाली तेव्हा काढायची सोय करून दिली."

"त्यापेक्षा जुने व्हायरस बरे म्हणायचे."

"होतेच! १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस केला. त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता."

याला म्हणतात खानदानी! आमच्या पाहुण्यानं साधी चिठ्ठी ठेवली नव्हती.

मग भाच्यानं शेतातली हरळी उपटावी तसं एकेक मूळ खणायला सुरुवात केली. सफाईवाला गेला. ब्राउझरला चिकटलेलं कूपन शोधणारं एक बांडगूळ गेलं. पडद्यावरच्या ब्राउझरच्या चिन्हाच्या पोटात शेवटी त्या जांभळ्या पानाचा पत्ता शेपटीसारखा लावलेला होता, ती शेपूट कापली. रोज सकाळी काढलेलं सगळं पुन्हा बसवायचं, असा हुकूम कामांच्या वेळापत्रकात दडवलेला होता, तो खोडला. अण्णांना पळवून लावणाऱ्या चौकटी मात्र मीच बोलावल्या होत्या म्हणे. कुठल्याशा पानानं 'तुम्ही यंत्र नसून माणूस आहात, हे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या' असं म्हटलं होतं, आणि मी माणूस असल्याचं तत्परतेनं सिद्ध केलं होतं.

एका ठिकाणी मात्र भाचा अडला. ब्राउझरच्या मेन्यूत तळाशी लिहिलं होतं, 'आपला ब्राउझर आपल्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे.'

"हे खरं आहे," मी म्हणालो. "संस्था स्वयंपाकघरात आहे."

"नाही मामा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असतं ते. घरच्यावर दिसलं की समजायचं, कोणीतरी आपला नियम आत पेरून ठेवलाय, तुम्हाला काही बदलता येऊ नये म्हणून." त्यानं तोही उपटला. पांढरंशुभ्र पान परत आलं. आजारी माणसानं पहिल्यांदा पेज मागावी तसा मला आनंद झाला.

"पण आला कधी हा?" मी विचारलं. मला पुरावा हवा होता.

"यादीत तारीख असते की! हा बघा. आधी फोटो लहान करणारा एक प्रोग्रॅम, आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर हे तीन. शनिवार."

शनिवार. शनिवारी हिच्या आईची पंचाहत्तरी होती. ही आणि चिरंजीव शुक्रवारी रात्रीच सांगलीला गेले होते, ते रविवारी परतले. घरात मी एकटा होतो.

आणि मग सगळं आठवलं. परीक्षेचा फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता. जाताना चिरंजीव म्हणाला होता, "बाबा, तेवढा फॉर्म भराल ना?" त्यात फोटो हवा होता पन्नास केबीच्या आत, आणि आमच्याकडचा होता अडीच एमबीचा. खंडीभर तांदूळ चिमटीत बसवायचा होता. रात्रीचे दहा वाजून गेले होते. फोटो लहान करणारा फुकटचा प्रोग्रॅम मी शोधला. त्या पानावर 'उतरवा' अशी तीन बटणं होती, त्यांतलं सगळ्यात मोठं मी दाबलं. मग पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे, मान्य आहे! पंगतीत वाढप्यानं भात वाढत जावा तसा मी 'मान्य आहे' वाढत गेलो. पानावर कोण बसलंय, हे पाहिलं कुणी? अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म गेला, आणि मी विजयी मुद्रेनं झोपलो.

भाच्याला मी यातलं काही सांगितलं नाही. "असेल काहीतरी," म्हणालो, आणि त्याला रस्त्यापर्यंत सोडून आलो.

परत येताना मला उगाच वडिलांचं गजराचं घड्याळ आठवलं. मी दहा वर्षांचा असताना ते बंद पडलं, आणि त्याबद्दल मी मार खाल्ला. महिन्याभरानं घड्याळजी म्हणाला, किल्ली फार पिळली, स्प्रिंग तुटली. किल्ली रोज रात्री वडील स्वतः देत. घरी आल्यावर ते मला काही बोलले नाहीत. फक्त त्या रविवारी जिलब्या आणल्या. मी त्या खाल्ल्या, पण इतक्या वर्षांनी जिलब्यांची चव आठवत नाही, घड्याळ आठवतं.

कोपऱ्यावर मिठाईवाल्याचं दुकान होतं. मी क्षणभर थांबलो, आणि पुढे निघालो.

नऊ वाजता चिरंजीव आला. मी म्हणालो, "हे बघ, पासवर्ड पूर्वीचाच ठेवलाय. आणि ते सगळं... म्हणजे तो प्रकार... मीच केला होता. तुझ्यावर उगाच आळ घेतला. चूक माझी. मान्य आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच, पूर्ण वाचून मी हे दोन शब्द म्हटले असतील.

"माहीत होतं, बाबा," तो बूट काढत म्हणाला. "सोमवारीच यादीतली तारीख बघितली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. पहिल्यांदा." मग जरा थांबून म्हणाला, "आणि फॉर्म माझाच होता ना."

मी काही बोललो नाही. ही आतून पानं घेत म्हणाली, "आता जेवायला बसा दोघं."

तेव्हापासून मी पुढे आलेलं सगळं वाचतो. परवा लाँड्रीच्या पावतीची मागची बाजू वाचायला मला दहा मिनिटं लागली. लाँड्रीवाला घाबरला. म्हणाला, "साहेब, तीस वर्षांत ही बाजू कोणी वाचली नाही. काय लिहिलंय तिथं?"