केळझर, जानेवारी ते एप्रिल

९ जानेवारी
अंगणवाडीत गाणं सुरू झालं, सगळी पोरं वळली. तो ठोकळ्यांतच. पाठीमागून नाव घेतलं. नाही वळला. सव्वीस महिन्यांचा. शब्द एकही नाही.

१० जानेवारी
त्याच्या घरी गेले. आई कापूस वेचायला. आजी म्हणाली, "याच्या बापालेही उशिराच वाचा फुटली, बाई." दोन वर्षांच्या मुलानं दोन शब्द जोडावेत. सांगितलं. तिनं चहा टाकला.

१४ जानेवारी
तिळगुळासाठी हात पुढे केला, हसला. बोट दाखवून पाणी मागतो, डोळ्यांत पाहतो. शेजारीण त्याला "मंद" म्हणून मोकळी झाली. राग अजून गेला नाही.

२१ जानेवारी
तपासणी पथक आलं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. फॉर्मवर 'विकासात्मक विलंब'वर खूण. विचारलं, विलंब कशामुळे? डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आधी कान. समजतं किती आणि बोलतो किती, हे वेगवेगळं लिहून ठेवा. वर्ध्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली.

१ फेब्रुवारी
गणेशजयंती. टेकडीवर गर्दी. ढोल वाजला, तो वळला. आजी हरखली, "ऐकू येते पोराले, पाहा ना!" ढोल अंगालाही कळतो. आता वर्ध्याला जायचं नाही म्हणतात.

३ फेब्रुवारी
आई स्वतः आली. "चला बाई. मी सांगितलं सासूबाईले."

६ फेब्रुवारी
वर्धा. जन्मल्यावर कावीळ होती का, असं विचारलं. "पिवळा पडला होता. पेटीत ठेवला होता." तेव्हा कान तपासले? तिला आठवत नाही. कागदांत नोंद नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभरचा नियम. आमचा सत्ताविसावा चालू आहे.

ज्याचं पथक अंगणवाडीत आलं, तो बालतपासणीचा कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला, याच तारखेला. या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधी.

२० फेब्रुवारी
कानांची बेरा चाचणी. मूल झोपलेलं लागतं. पहाटे उठवलं, एसटीत जागं ठेवलं. तिथं पोचल्यावर झोपेचना. पुन्हा तारीख.

२७ फेब्रुवारी
झोपला. दोन्ही कान. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात ७० डेसिबल श्रवणऱ्हासापासून कर्णबधिर धरतात. याचा ऱ्हास त्याहून जास्त आहे.
परतताना आई एवढंच बोलली, "म्हणजे मी एवढे दिवस गात होती, ते?"
मला उत्तर देता आलं नाही.

१४ मार्च
धुळवड. बाप दिवसभर बाहेर आला नाही.

२१ मार्च
ऐकायचं यंत्र मिळालं. पाहुणे आले की आजी काढून ठेवते. "लोक पाहतेत." रोज भांडते तिच्याशी, प्रेमानं. तो जागा असेल तेवढा वेळ ते कानात हवं.
कॉक्लिअर इम्प्लांटचं पुढे बघू, असं वर्ध्याला म्हणाले. सरकारी मदतीला वयाची अट आहे. तारखा मी लिहून ठेवल्यात.
कोणी म्हणतं, खुणा बंद करा, नाहीतर बोलणार नाही. मी बंद करणार नाही. पाणी मागायला त्याच्याकडे आज तेवढंच आहे.

२८ मार्च
त्याची योजना लिहिली. पहिलं उद्दिष्ट आईच्याच शब्दांत: "हाक मारली का त्यानं पाहिलं पाहिजे."
अंगणवाडीत: पुढे बसवणं. आपला चेहरा उजेडात. बोलताना पंखा बंद. रोजच्या कामांची चित्रं भिंतीवर, त्याच्या उंचीला.

२ एप्रिल
नव्या बाळंतिणींची यादी काढली. प्रत्येकीला विचारायचं: बाळ पेटीत होतं का, कान तपासले का. नसतील तर याच आठवड्यात वर्धा. आशाताईला सोबत घ्यायचं.