तीन राण्या आणि मामा

तीन पत्तीत मी एकदम पक्की! लातूरच्या मामांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवलेली. ट्रेल, प्युअर सिक्वेन्स, सिक्वेन्स, कलर, जोडी... पाढ्यांसारखं पाठ. त्यामुळे नांदेडला मैत्रिणीच्या फ्लॅटवर शनिवारी पोकर खेळायचं ठरलं, तेव्हा मी फुल कॉन्फिडंट होते. पैसे नाहीत हं! चिप्सऐवजी भाजलेले शेंगदाणे.

तिसऱ्याच डावात हातात दोन राण्या, टेबलावर तिसरी. आपल्याकडं ही ट्रेल! मी सगळे शेंगदाणे पुढे लोटले. समोरच्यानं पाच-सहा-सात-आठ-नऊ जुळवून दाखवले आणि ढीग ओढून घेतला. मी कडाकडा भांडले. तर म्हणे, पोकरमध्ये तीन सारख्या पानांपेक्षा सिक्वेन्स भारी, त्यावर कलर, मग फुल हाऊस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी, मग चार सारखी, सगळ्यात वर प्युअर सिक्वेन्स. काहीही!

घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात ट्रेल फक्त ५२, साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पानांचे हात मात्र २५,९८,९६०. तिथं तीन सारखी ५४,९१२ हातांत, सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. पाचही पानं बदामचीच येणं खरंच अवघड. पोकरमध्ये जे कमी वेळा येतं ते भारी, बस्स. (आणि गंमत बघा, तीन पत्तीतली जोडी आणि पोकरचं फुल हाऊस, दोन्ही बरोब्बर ३,७४४!)

म्हणजे ट्रेल सरासरी ४२५ हातांत एकदा. तिची वाट बघत मामांनी एका दिवाळीत मामीच्या पाटल्या घालवल्या. मी तेव्हा बारावीत होते. तेव्हापासून पत्ते दिसले की आई उठून आत जाते. शनिवारचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात लातूरला गेले होते. गंजगोलाईत मामीची खरेदी चालली होती, घरी आम्ही दोघंच. म्हटलं, "मामा, एका खेळात तीन राण्यासुद्धा हरतात."

मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "कागद दाखव बरं."

चष्मा लावून बराच वेळ आकडे बघत बसले. ४२५ वर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाहेर मामीची चाहूल लागली, तशी त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.