दार बंद असलं तरी मेल थांबतो

मेल हरवत नाही! सर्व्हर तासभर बंद ठेवा, रात्रभर बंद ठेवा, तरी जगाच्या दुसऱ्या टोकाहून निघालेला मेल दाराशी येतो, कुणी उत्तर दिलं नाही की परत जातो, थोड्या वेळानं पुन्हा येतो, पुन्हा येतो, आणि दार उघडलं की आत शिरतो. इतकी वर्षं दिवसभर मेल वापरूनही हे मला ठाऊक नव्हतं, आणि कळल्यापासून भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे.

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. पंपांची केसिंग्ज, इम्पेलर, व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो. ऑर्डरी, ड्रॉइंग्ज, टेस्ट सर्टिफिकेटं, सगळं मेलवर चालतं. ग्राहकांची ड्रॉइंग्ज आपल्याच छताखाली राहावीत म्हणून बाबांनी पूर्वीच ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर बसवून घेतला होता: लिनक्स, त्यावर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि आलेला मेल सगळ्यांच्या फोन-संगणकांना दाखवणारा डवकॉट. मोल्डिंगची काळी धूळ कुठवर पोचते हे फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. ती त्याच्या पंख्यातही पोचली होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. ती उघडून पाहिली, तर खराब झालेल्या सेक्टरांचा आकडा आठवड्यागणिक चढत चाललेला. मग नवीन यंत्र आणलं. बिनपंख्याचा छोटा पीसी, आत दोन एसएसडी, दोन्हींवर एकच मजकूर उतरत राहील अशी रेड-१ची जोडी. आणि हे घर बदलण्याचं काम मी अंगावर घेतलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर, सर्व्हरच्या पोटात डोकावायची ही माझी पहिलीच वेळ.

पहिलाच धक्का केवढा सुखद! मला वाटायचं की आत एखादा अगम्य डेटाबेस असेल. प्रत्यक्षात फोल्डर आणि साध्या फाइली! एक मेल म्हणजे एक फाइल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडा आणि वाचा. या रचनेचं नाव मेलडिर. डॅनियल बर्नस्टीन यांनी १९९०च्या दशकात क्यूमेल या आपल्या मेल सर्व्हरसाठी ती आखली. प्रत्येक खात्यात टेम्प, न्यू आणि कर असे तीन फोल्डर असतात. येणारा मेल आधी टेम्पमध्ये उतरतो, शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून झाला की एका झटक्यात न्यूमध्ये जातो, आणि तुमच्या फोननं किंवा आउटलुकनं तो पाहिला की करमध्ये. ही उडी एका क्षणात पुरी होते, त्यामुळे अर्धवट लिहिलेला मेल कुणाला दिसूच शकत नाही. मध्येच वीज गेली तरी न्यूमध्ये पोचलेला मेल पुराच असतो. कुलूप नाही, चावी नाही, फक्त फाइल इकडची तिकडे! आणि याहून मोठी मौज फाइलच्या नावात आहे. नावाच्या शेवटी एस असेल तर मेल वाचलेला, आर असेल तर उत्तर दिलेलं, एफ असेल तर तारा लावलेला. अकाउंट्सच्या काकांनी कुठल्या बिलावर तारा लावलाय हे मी त्यांची स्क्रीन न पाहता फाइलींच्या यादीत वाचत होते!

मग या सगळ्या फाइली नव्या यंत्रावर न्यायच्या कशा? इथे आरसिंक भेटला. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात लिहिलेला हा प्रोग्राम दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहतो आणि फक्त फरक वाहून नेतो. जुना सर्व्हर चालू, लोक मेल वाचताहेत, पाठवताहेत, आणि मागे आरसिंक शांतपणे वर्षानुवर्षांचा ढीग उपसतोय. पहिली फेरी खूप लांबली. दुसऱ्या फेरीला फक्त मधल्या काळात आलेलं उचललं. शेवटची फेरी तर चहा होईपर्यंत संपली. एक पथ्य पाळायचं: जुन्याकडे नसलेली फाइल नव्याकडूनही काढून टाक, हे त्याला बजावून सांगायचं. मेल वाचला की फाइलचं नाव बदलतं ना! ते सांगितलं नाही, तर एकच मेल वाचलेला आणि न वाचलेला असा दोनदा दिसेल. आणि डवकॉट प्रत्येक मेलला जो क्रमांक देतो त्याची यादीही सोबत न्यायची, नाहीतर ऑफिसातले सगळे फोन आणि संगणक सगळा मेल नवा समजून पुन्हा उतरवायला बसतील.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. सर्व्हरशी हातानं बोलता येतं! टेलनेटनं पोर्ट २५ला जोडलं की समोरून २२० हा आकडा येतो. तुम्ही हेलो टाइप करा, २५० येतो. पाठवणारा कोण, कुणाला, हे सांगा, प्रत्येक वेळी २५०. डेटा म्हणा, ३५४ येतो, म्हणजे लिहा आता. मजकूर लिहा, एका ओळीत फक्त एक टिंब द्या, आणि २५०: मेल स्वीकारला. मी हे नव्या यंत्रावर केलं आणि माझ्या फोनवर मेल वाजला! हे सगळे शब्द जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहून ठेवले, आणि आजचा बिनपंख्याचा पीसी त्यांना तसंच उत्तर देतो. एवढं जुनं आणि एवढं जिवंत यंत्र-संभाषण मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या आकड्यांत सगळं शहाणपण भरलेलं आहे. उत्तर ४ने सुरू झालं तर अर्थ, आता जमत नाही, नंतर या. ५ने सुरू झालं तर, कधीच जमणार नाही, येऊ नका. ४ ऐकलं की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो. काहीच उत्तर आलं नाही, तरीही रांगेतच ठेवतो. मात्र ५५० ऐकलं की तो त्याच क्षणी हात टेकतो आणि ‘पत्ता सापडला नाही’ असा निरोप ग्राहकाकडे परत जातो. म्हणजे दार बंद ठेवण्यात काही धोका नाही. धोका आहे तो दार उघडून चुकीचं उत्तर देण्यात! खात्यांची यादी अजून भरलेली नाही आणि सर्व्हर मात्र चालू, हीच खरी भीतीची वेळ. त्यावरही वीत्से व्हेनेमा यांनी, म्हणजे १९९८ साली पोस्टफिक्स जगापुढे आणणाऱ्या माणसानं, उपाय करून ठेवलाय. सॉफ्ट बाउन्स नावाची एक ओळ चालू केली की पोस्टफिक्स आपली सगळी ५ची उत्तरं ४ची करून देतो. स्थलांतराच्या धांदलीत कुणालाही कायमचा नकार जात नाही. सगळं नीट बसलं की ती ओळ काढायची. दुसऱ्याच्या घाईचा इतका आधीपासून विचार करून ठेवणारा माणूस! मी ती ओळ लिहिली तेव्हा मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

“आणि तेवढ्यात एखादी ऑर्डर आली तर?” बाबांनी विचारलं. म्हणून मी त्यांना रांगेचं गणित सांगितलं. पोस्टफिक्स एकदा अडला की पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग अंतर वाढवत वाढवत सुमारे तासावर नेतो, आणि पाच दिवस सोडत नाही. हा एकट्या पोस्टफिक्सचा चांगुलपणा नाही. मेलच्या नियमावलीतच लिहिलंय की हार मानण्याआधी चार-पाच दिवस तरी वाट पाहावी. कुलूप दिसलं म्हणून पत्र फाडून न टाकता उद्या पुन्हा फेरी मारणारा पोस्टमनच हा. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग कर की बिनधास्त.”

पत्ता बदलायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. आमचा स्टॅटिक आयपी वर्षानुवर्षं सरळ वागलेला. मोठे मेलवाले त्याला ओळखतात, आणि नव्या अनोळखी आयपीकडून आलेल्या मेलकडे ते संशयानं बघतात. तोच आयपी नव्या यंत्राला दिला की डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीला, हातही लावावा लागत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर डीकेआयएमची सही उमटते. तिची खासगी किल्ली जुन्यावरून नव्यावर नेली, कारण तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये आधीपासून बसलेली आहे.

साप्ताहिक सुट्टीच्या संध्याकाळी काम काढलं. जुन्यावरची जाणारी रांग रिकामी होऊ दिली, मग पोस्टफिक्स आणि डवकॉट थांबवले, आरसिंकची शेवटची फेरी मारली, जुन्याची केबल काढली, नव्याला आयपी दिला. पोस्टफिक्स सुरू केला आणि लॉग उघडून बसले. काही क्षण काहीच नाही. मग एक ओळ, पुण्याहून. मग जर्मनीतल्या ग्राहकाच्या सर्व्हरची. मग एकामागून एक, धडाधड! वेळा पाहिल्या तर त्यातले कितीतरी मेल दार बंद असतानाच निघालेले, कुठकुठल्या रांगांत थांबलेले, आणि आता आत येत होते, फाइल फाइल करून, टेम्पमधून न्यूमध्ये. मी खुर्चीतून उठून बाबांना हाक मारली, “बाबा, बघा, सगळे आले!” सकाळी कामावर आलेल्या कुणालाच काही बदललंय हे कळलं नाही. काकांचे तारे जागच्या जागी होते.

तुम्हाला सर्व्हर हलवायचा नसेल, तरी एवढं कराच. आलेल्या कुठल्याही मेलचा मूळ मजकूर उघडा. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेन्यूत त्याची सोय आहे. ‘रिसीव्ह्ड’नं सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचत या. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वेळेसकट वर चिकटवत जातो. दोन ओळींच्या वेळांत मोठं अंतर दिसलं, तर बहुतेक वेळा तो मेल तेवढा काळ रांगेत थांबलेला असतो. आजच उघडून बघा.