आडवी रेघ नसलेला ए

कॅलिफोर्नियात १९९४च्या सुमारास एक गृहस्थ शर्टाच्या खिशात लाकडाचा तुकडा घालून हिंडत असत. जेफ हॉकिन्स त्यांचं नाव. ठोकळा स्वतःच गॅरेजमध्ये बसून कापलेला, खिशात मावेल एवढाच. त्यावर पडद्याचं चित्र काढलेला कागद डकवलेला, आणि लिहायला तासून घेतलेली चॉपस्टिक. ‘बुधवारी मोकळे आहात का?’ असं कुणी विचारलं, की हे गंभीर चेहऱ्याने ठोकळा काढायचे, काडी टेकवायचे आणि तारीख पाहिल्याचा आव आणायचे. बघणाऱ्याला वेडाचार वाटावा. पण माणूस खिशातलं यंत्र काढतो कशासाठी आणि त्यासाठी किती खटाटोप सोसतो, हे त्यांना त्या लाकडानेच शिकवलं. ठोकळा आता माउंटन व्ह्यूच्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

हातात मावणाऱ्या संगणकांची फजिती त्यांनी जवळून पाहिली होती. १९९३ साली कॅसिओचा झूमर आला. त्यातली बरीचशी आज्ञावली हॉकिन्स यांच्याच पाम कंपनीची, तो आपटला. त्याच वर्षी ॲपलचा न्यूटन आला, ६९९ डॉलरचा, खिशाबाहेर डोकावणारा. न्यूटनची प्रतिज्ञा मोठी देखणी होती: तुम्ही तुमच्या वळणाने लिहा, वाचायचं माझ्यावर सोडा. लोकांनी लिहिलं आणि पडद्यावर भलतंच उमटलं. गॅरी ट्रूडो यांनी आपल्या व्यंगचित्रमालिकेत त्याची यथेच्छ टर उडवली. पुढचे न्यूटन बरंच चांगलं वाचू लागले, पण एकदा हसं झालं ते झालंच. १९९८मध्ये स्टीव्ह जॉब्जनी तो बंद केला.

हॉकिन्सनी ओझं माणसाच्या बाजूला सरकवलं. यंत्राने माणसाचं अक्षर शिकण्याऐवजी माणसाने यंत्राचं शिकावं! लिपीचं नाव ग्राफिटी. बहुतेक अक्षरं काडी न उचलता, एका झटक्यात, एकाच चौकोनात एकावर एक काढायची. ए म्हणजे नुसता उलटा व्ही, पोटातली आडवी रेघ गाळलेली. टी म्हणजे डावीकडून आडवं जाऊन खाली उतरणं. मला यात मोडी लिहिणारे कारकून दिसतात. बोरू उचलायचा नाही म्हणून त्यांनीही वळणं मोडली, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ एकाच वेलांटीत मिटवला. हाताला वेग हवा असेल तर तो शुद्धतेशी तडजोड करतो, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही.

हीच लिपी घेऊन मार्च १९९६मध्ये पामचा पायलट बाजारात आला, २९९ डॉलरला. स्मृती १२८ किलोबाइट, पडदा करडा, पोटात पेन्सिल सेलची धाकटी भावंडं दोन. तेवढ्यावर आठवडेच्या आठवडे चालायचा. संगणकाशेजारच्या घडवंचीत ठेवून एक बटण दाबलं, की इकडच्या नोंदी तिकडे आणि तिकडच्या इकडे. दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी, टिपणं, बस्स. त्यात काय घातलं नाही याचंच मला जास्त कौतुक वाटतं. पुढे पेनं बनवणाऱ्या पायलट कंपनीनेच नावाला हरकत घेतली आणि हे नाव सोडावं लागलं. लेखणीचा लेखणीवर दावा!

दुसरा दावा महागात पडला. एका रेषेत अक्षर काढण्याची युनिस्ट्रोक्स ही पद्धत झेरॉक्समधल्या डेव्हिड गोल्डबर्गनी आधीच शोधली होती, तिचं पेटंटही होतं. १९९७मध्ये झेरॉक्स कोर्टात गेली. खटला रेंगाळत असतानाच, २००३मध्ये पामने ग्राफिटीची नवी आवृत्ती आणली. तिच्यात टी दोन रेषांचा झाला, आयवर टिंब परत आलं. शाळेत शिकलेल्या अक्षराच्या अधिक जवळची, म्हणून सोपी, असा हिशेब. पण जुन्या गिऱ्हाइकांचे हात ऐकेनात. टी काढायला गेलं की काडी सवयीने वळून खाली घसरायची. काहींनी जुन्या यंत्रांतून आधीच्या ग्राफिटीच्या फायली काढून नव्यात बसवल्या आणि तीच लिपी पुढे चालवली.