ऋण मान्य करणारे गाणे

उर्दू शायरीत एक सुंदर रीत आहे. आवडत्या शायराच्या गझलेचे वृत्त, काफिया आणि रदीफ घेऊन नवा शायर आपली गझल लिहितो. त्याने अमक्याच्या 'जमिनी'त गझल लिहिली, असे आपण म्हणतो. जमीन दुसऱ्याची, पीक मात्र आपले! यात चोरी नसते, आदर असतो. अमेरिकेतील एका गाण्याची हकीकत वाचली, तेव्हा मला ही रीत आठवली.

वुडी गथ्री यांचा जन्म १९१२ साली ओक्लाहोमा राज्यात झाला. १९३० नंतर त्या भागात पावसाने पाठ फिरवली. नांगरलेली कोरडी माती वाऱ्यावर उडू लागली. धुळीची प्रचंड वादळे आली आणि शेते उजाड झाली. हजारो कुटुंबे पोटासाठी कॅलिफोर्नियाकडे निघाली. गथ्रीही त्याच वाटेने गेले. मजुरांच्या वस्त्यांत, कामगारांच्या सभांत ते गिटार घेऊन गाऊ लागले. कष्टकऱ्यांचे हाल आणि त्यांची जिद्द हेच त्यांच्या गीतांचे विषय होते. १९४० साली त्यांनी लिहिलेले 'धिस लँड इज युवर लँड' हे गीत अमेरिकेतील शाळांतूनही गायले जाते.

मिनेसोटा राज्यात हिबिंग नावाचे लोखंडाच्या खाणींचे गाव आहे. तेथे वाढलेल्या रॉबर्ट झिमरमन या मुलाने पुढे बॉब डिलन हे नाव घेतले. गथ्रींची गाणी त्याच्या कानांवर पडली आणि त्यांचे आत्मचरित्र त्याच्या हाती आले. तो अगदी झपाटून गेला. त्याने ती गाणी पाठ केली. तो त्यांच्यासारखाच गाऊ लागला, त्यांच्यासारखाच बोलू लागला. जानेवारी १९६१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला आला. गथ्रींना भेटायचे, हा त्याचा एक मोठा हेतू होता.

गथ्री तेव्हा न्यू जर्सीतील एका इस्पितळात होते. त्यांना हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आनुवंशिक रोग झाला होता. त्यांची आईही याच रोगाने गेली होती. या रोगात हातापायांवर ताबा राहत नाही, बोलणेही कठीण होते. ज्या बोटांनी आयुष्यभर गिटार छेडली, ती आता स्थिर राहत नव्हती. डिलन त्यांच्याजवळ बसून त्यांचीच गाणी त्यांना गाऊन दाखवी.

त्याच दिवसांत डिलनने 'साँग टू वुडी' हे गीत लिहिले. मार्च १९६२ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत एकूण तेरा गाणी होती. त्यांपैकी त्याची स्वतःची फक्त दोन. त्यांतले एक हे. त्यात तो गथ्रींना आणि त्यांच्या सोबत्यांना मानवंदना देतो. मात्र त्यांच्याएवढे कष्ट आपणही सोसले, अशी फुशारकी तो मारत नाही. गीताची चाल त्याने गथ्रींच्याच एका गाण्यावरून घेतली. ते गाणे मिशिगन राज्यातील एका दुर्घटनेवर आहे. १९१३ साली नाताळच्या आदल्या दिवशी, संपावरील खाणकामगारांच्या मेळाव्यात आग लागल्याची हूल उठली. चेंगराचेंगरीत त्र्याहत्तर माणसे मेली. त्यांत बहुतेक मुले होती.

ही हकीकत वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, दुसऱ्याची चाल घेतली, तर ती नक्कलच नाही का?" प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटले, "नक्कल करणारा मूळ मालकाचे नाव लपवतो. डिलनने तर गाण्याच्या नावातच ते घातले." शिवाय गथ्रींनीही अनेक गीतांसाठी जुन्या लोकगीतांच्या चाली वापरल्या होत्या.

माझ्या घरी उर्दू बोलली जाते. मराठीची गोडी मला माझ्या गुरुजींनी लावली. बी. एड. करताना मी पहिला पाठ घेतला, तेव्हा माझे हातवारे आणि शब्दांवर जोर देण्याची ढबसुद्धा त्यांचीच होती. पुढे अर्धांगवायूने गुरुजींची वाचा गेली. मी त्यांच्याविषयी मराठीत दोन पाने लिहिली आणि त्यांच्या खाटेजवळ बसून वाचून दाखवली. त्यांनी खुणेने कागद मागितला. आमच्या वह्यांखाली करत तशी, डाव्या हाताने, वेडीवाकडी सही केली. पुढच्या पावसाळ्यात गुरुजी गेले. ती पाने त्यांच्या हयातीत लिहून झाली, याचे मला आजही समाधान वाटते.

डिलन गथ्रींच्या सावलीत थांबून राहिला नाही. त्याने आपली वेगळी वाट काढली. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथे समान हक्कांसाठी लाखो लोक जमले, तेव्हा तो तेथे स्वतःची गाणी गायला. गथ्री १९६७ साली वारले. त्यानंतरच्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. तोवर जगप्रसिद्ध झालेला डिलन त्यात गथ्रींचीच गाणी गायला. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उस्तादाकडून घ्यावे, घेतल्याचे मोकळ्या मनाने सांगावे आणि त्यात आपली भर घालावी. हे सांगणे उस्तादाच्या कानांपर्यंत पोहोचले, तर त्याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?